अठ्ठ्याहत्तर म्हणजे एकशेवीस

माझ्या मेहुण्यांच्या टेबलाच्या खणात, जुनी पासबुके आणि विम्याच्या पावत्या यांच्या गठ्ठ्याखाली, एक फोन कित्येक महिने पडून होता. २०१५ साली घेतलेला. पाच इंची पडदा, एक जीबी रॅम, आठ जीबी साठवण आणि पोटात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप, असा त्या वर्षीच्या मध्यमवर्गीय घराला शोभेल एवढाच त्याचा सरंजाम होता. काचेला तडा गेलेला नव्हता, मागचे झाकण उघडून बॅटरी बदलता येत असल्यामुळे ती एकदा बदललेलीही होती, आणि कानाला लावला तर आवाज अजून स्वच्छ येत होता. असे असूनही घरातल्या सर्वांनी त्याला मृत मानले होते, आणि हा निकाल ज्या कारणाने लागला त्याची कैफियत मुळातून सांगण्याजोगी आहे.

फोनवर अँड्रॉइडची ५.१ ही आवृत्ती होती, आणि ज्या कंपनीने तो विकला तिने त्या मॉडेलला पुढची आवृत्ती कधीच दिली नाही. आता, आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते स्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र पुढे करते, आणि ते खरे की बनावट हे ठरविण्याकरिता प्रत्येक फोनच्या दप्तरात विश्वासार्ह प्रमाणकर्त्यांची एक यादी ठेवलेली असते. जगातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडच्या यादीत नाही. ज्या जुन्या प्रमाणकर्त्याच्या शिफारशीवर तिचे शिक्के अशा फोनांत चालत असत, त्याच्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि जुन्या फोनांपुरती केलेली वाढीव तजवीजही २०२४ साली संपुष्टात आली. मेहुण्यांना यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना एवढेच दिसले की, काल उघडत होती ती पाने आज धोक्याची सूचना दाखवितात, आणि फोन खणात गेला.

माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता आहे. वटपौर्णिमेच्या दिवशी मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तिने तो फोन खणातून काढला, चार्जरला लावला, आणि हिरवे चित्र उजळलेले पाहून म्हणाली, "मामा, याला काही झालेलं नाही. याची माहिती असणारं कुणी याच्याकडे बघत नाही, एवढंच." त्या दिवसापासून गणपतीपर्यंत, सुमारे अकरा आठवडे, नोकरीच्या वेळेबाहेरचे तिचे सगळे तास या एका वस्तूवर खर्च झाले, आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत असे. ज्या फोनला कोणाचाच आधार उरलेला नाही, त्यावर नवी कार्यप्रणाली उतरविणे, ज्याला हे काम करणारे लोक नुसते 'पोर्ट करणे' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात काय करणे असते, हे मी तेथे पाहिले.

घरातल्या संगणकावर जुनी प्रणाली काढून नवी घालणे हे काम तासाभराचे असते, मग फोनवर त्याला महिने का लागावेत, असा प्रश्न मी पहिल्याच संध्याकाळी विचारला. त्याचे उत्तर दोन्ही यंत्रांच्या घडणीत आहे. संगणकातले बहुतेक भाग विचारले असता आपले नाव सांगतात. कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा, हे त्यांच्यात नोंदलेले असते, आणि प्रणालीने हाक मारली की प्रत्येक जण ओ देतो. फोनच्या आतले बरेचसे भाग मुके असतात. स्पर्श ओळखणारी चिप, प्रकाश मोजणारी चिप, दिशा सांगणारी चिप ही सारी दोन बारीक तारांच्या एका समाईक मार्गावर बसलेली असतात, आणि नेमक्या क्रमांकाने हाक मारली, तीही त्यांना योग्य दाबाची वीज आधी पोचवून, तरच ती उत्तर देतात. कोणता भाग कोणत्या तारेवर, कोणत्या क्रमांकाने, कोणत्या विजेवर, कोणत्या क्रमाने जागवायचा, याची एक यादी प्रणालीच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला बाहेरून द्यावी लागते. तिला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. गडावर नव्याने आलेल्या हवालदाराच्या हाती जुन्या सबनिसाची फर्द पडली नाही, तर दारूचे कोठार कोठे आणि पाण्याचे टाके कोठे हे त्याला कळणार नाही, आणि गड सुस्थितीत असूनही लढणार नाही. फोनची स्थिती नेमकी तशी असते.

ही फर्द मिळते कोठून, तर एका परवान्याच्या कृपेने. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिलेला लिनक्स कर्नल १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे, अँड्रॉइड त्याच कर्नलवर उभे आहे, आणि जो कोणी तो बदलून विकेल त्याने आपले बदल ग्राहकाला मूळ स्वरूपात उपलब्ध करून दिले पाहिजेत अशी त्या परवान्याची अट आहे. त्या अटीमुळे आमच्या फोनच्या कंपनीनेही आपला कर्नल एकदा प्रसिद्ध केलेला होता. तो होता ३.१० या आवृत्तीचा, म्हणजे २०१३ च्या जूनमध्ये निघालेला, ज्याची अधिकृत देखभाल २०१७ साली थांबली. आणि त्यात चिपवाल्यांनी, फोनवाल्यांनी आणि पडद्यावाल्यांनी आपापल्या सोयीने घातलेली भर इतकी होती की, मूळ कर्नल त्यात शोधावा लागे. टिपा नाहीत, कारणे नाहीत, जेथे एका ओळीत भागले असते तेथे तीन फायली. मला त्या वेळी इतिहाससंशोधक राजवाड्यांची आठवण झाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, त्याच्या आधी आणि नंतर गावोगावच्या वाड्यांतून, कसर लागलेल्या रुमालांतून, मोडीची जी पत्रे त्यांनी उपसली, ती लिहिणाऱ्या कारकुनांना आपण पुढच्या पिढ्यांसाठी लिहीत आहोत याची जाणीव नव्हती. ते त्या दिवसाचे काम उरकत होते. हा कर्नल लिहिणारेही त्या दिवसाचे काम उरकत होते. वाचणाऱ्याला मात्र त्या उरकण्यातूनच सत्य वेचावे लागते, आणि ज्याला वाचन म्हणजे काय हे कळते तो अशा कामाला कमी लेखणार नाही.

या विद्येची परंपरा तशी फार जुनी नाही, पण तिच्यात एक उदाहरण असे आहे की ते वगळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. एचटीसी कंपनीचा एचडी२ हा फोन नोव्हेंबर २००९ मध्ये बाजारात आला, ४.३ इंचांचा पडदा, १ गिगाहर्ट्‌झची स्नॅपड्रॅगन चिप, ४४८ एमबी रॅम, आणि वर विंडोज मोबाइल ६.५. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ७ ही सर्वस्वी नवी प्रणाली जाहीर केली, आणि एचडी२ला ती मिळणार नाही हेही स्पष्ट केले. म्हणजे त्या काळचा अव्वल दर्जाचा फोन जन्मल्यावर अर्ध्या वर्षाच्या आत पोरका झाला. ज्यांनी तो घेतला होता त्यांतल्या काहींनी मग हॅरेट नावाची एक आज्ञावली हाताशी धरली. ही विंडोज चालू असतानाच तिच्या पोटातून चालविली जाई, ती लिनक्सचा कर्नल स्मृतीत उतरवी आणि कारभार त्याच्या स्वाधीन करी. विंडोज तेथल्या तेथे नाहीशी होऊन अँड्रॉइड उभे राही, आणि फोन बंद करून पुन्हा लावला की पूर्ववत विंडोज. दैवयोगही अनुकूल होता, कारण जानेवारी २०१० मध्ये आलेला गूगलचा नेक्सस वन हा एचटीसीनेच बनविलेला होता आणि त्याची चिपही तीच होती, त्यामुळे एका भावंडाच्या उघड्या कर्नलवरून दुसऱ्याची घडण ओळखता आली. २०११ च्या आरंभी मॅगएलडीआर नावाचा नवा बूटलोडर तयार झाला, अँड्रॉइड कायमचे वस्तीला आले, विंडोज फोन ७ सुद्धा त्याच फोनवर उतरले, आणि पुढे वर्षानुवर्षे, थेट अँड्रॉइड ७ पर्यंत, कोणी ना कोणी त्या यंत्राला पुढच्या आवृत्तीत नेत राहिले. ज्या यंत्राला निर्मात्यांनी एकच प्रणाली नेमून दिली होती, त्याच्या अंगी किती प्रणाली झेपण्याची शक्ती होती, हे केवळ उपयोग करणाऱ्यांच्या हट्टामुळे उघडकीस आले.

अँड्रॉइडच्या राज्यात या हट्टाला स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ साली सायनोजेनमॉडच्या रूपाने संघटित आकार दिला, आणि ते डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडताच त्याच मंडळींतून लिनेजओएस उभे राहिले. आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी होस्टेलच्या खोल्यांतून या प्रणाली आपल्या फोनांवर चढविल्या आहेत. परंतु या मार्गाला एक मर्यादा आहे. येथे वरचे अँड्रॉइड नवे असते, खालचा कर्नल आणि चिपवाल्यांच्या बंद पेट्या बहुधा जुन्याच राहतात. म्हणजे इमारतीला नवा रंग आणि नवी तावदाने, पाया २०१३ चा. भाचीला पाया बदलायचा होता. म्हणून तिने पोस्टमार्केटओएस निवडली. ऑलिव्हर स्मिथ यांनी मे २०१७ मध्ये जाहीर केलेला, अल्पाइन या अतिशय आटोपशीर लिनक्सवर आधारलेला हा प्रकल्प फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे हे ध्येय ठेवून निघाला. फोनला अँड्रॉइड न समजता एक छोटा संगणक समजावे, आणि जगभर सर्वांसाठी एकच असलेला जो मुख्य प्रवाहातला कर्नल, तोच शक्य तेथे त्यावर चालवावा, अशी त्याची भूमिका आहे.

आमच्या फोनचे भाग्य त्याच्या चिपमध्ये होते. स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप २०१३ च्या डिसेंबरात जाहीर झाली, पुढच्या दोन वर्षांत ती सॅमसंग, मोटोरोला, शाओमी यांच्या आणि इतरांच्या स्वस्त फोनांत शिरली. आणि २०१५ साली, फोनशी संबंध नसलेल्या एका कारणासाठी, ती ड्रॅगनबोर्ड ४१०सी नावाच्या, प्रयोग करणाऱ्यांसाठी काढलेल्या एका ७५ डॉलरच्या उघड्या बोर्डावर बसविण्यात आली. त्या बोर्डासाठी लिनारो या संस्थेच्या अभियंत्यांनी या चिपचा आधार मुख्य कर्नलमध्ये पद्धतशीर नेऊन ठेवला. बोर्ड आणि फोन यांचे रक्त एकच. त्यामुळे घड्याळे, वीज, स्मृती, यूएसबी हा सारा मोठा कारभार आयता मिळाला, आणि प्रत्येक फोनच्या पोर्टकर्त्याला फक्त आपल्या फोनपुरते जे वेगळे तेवढे लिहावे लागले. तरीही त्या 'तेवढ्या'त अकरा आठवडे गेले.

पहिले काम नकला काढण्याचे. फोनच्या साठवणीतील सर्व विभागांच्या प्रती तिने लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, आणि त्यांतही मोडेमएसटी-१, मोडेमएसटी-२ आणि एफएसजी या तीन विभागांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. कारण फोनची मोबाइल जाळ्यातील ओळख आणि रेडिओची जुळणी तेथे असते, आणि ते एकदा पुसले गेले तर जगातली कोणतीही कुशलता तो फोन पूर्ववत करू शकत नाही. मग बूटलोडरचे कुलूप काढणे. फोन लावताच प्रथम जागा होणारा हा दरवान, पुढे येणाऱ्या कर्नलवर कंपनीचा शिक्का आहे की नाही याची रुजुवात करतो; आमच्या फोनच्या कंपनीने कुलूप काढण्याची मुभा दिलेली होती, सर्व कंपन्या देत नाहीत. त्या दरवानाच्या मागे तिने एलकेटूएनडी नावाचा दुसरा, उघडा बूटलोडर बसविला, जो पहिल्याकडून फोनची माहिती ऐकून घेतो आणि नव्या कर्नलला समजेल अशा भाषेत पोचवितो.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी रात्री तिने नवा कर्नल प्रथम चालविला. मला वाटले होते, पडदा उजळेल. पडदा काळा तो काळाच राहिला. बाहेर पाऊस पडत होता, माझी बहीण दोनदा जेवायला हाक मारून गेली. मी निराशेचे काही बोलणार, इतक्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक नवी जाळेजोडणी उमटली. यूएसबीच्या तारेतून पलीकडे कोणीतरी जागे होते. तिने १७२.१६.४२.१ हा पत्ता टंकित केला, संकेतशब्द दिला, आणि समोरच्या काळ्या, निश्चेष्ट वस्तूने आपले नाव, आपल्या कर्नलची आवृत्ती ६.१२, आपले चारही गाभे आणि आपली जवळपास एक जीबी रॅम यांचा हिशेब ओळीने सांगितला. यंत्र आंधळे आणि मुके असताना शुद्धीवर होते. तो क्षण मी विसरणार नाही.

पडद्याचे प्रकरण त्यानंतर तीन आठवडे चालले, आणि ते मी तपशिलाने सांगणार आहे, कारण या कामाचा सारा पोत त्यात आहे. पडदा म्हणजे नुसती काच नव्हे. तिच्या कडेला एक नियंत्रक असतो आणि तो झोपेत असतो. त्याला जागविण्यासाठी ठराविक बाइटांची एक माला, ठराविक अंतराने, पाठवावी लागते. ती माला कंपनीच्या जुन्या कर्नलमध्ये एका फायलीत चौकोनी कंसात लिहिलेली होती. पानभर आकडे, आणि शेवटाकडे ही ओळ : ०५ ०१ ०० ०० ७८ ०० ०२ ११ ००. भाचीने ती मला अंगोपांगांसकट समजावून दिली. पहिला आकडा आज्ञेचा प्रकार. मध्यंतरीचा ०२ म्हणजे पुढे दोन बाइट आहेत. ११ ही 'झोपेतून ऊठ' अशी आज्ञा, जी पडद्यांच्या जगात सर्वत्र एकच आहे. आणि पाचव्या जागेवरचे ७८ म्हणजे ही आज्ञा दिल्यावर किती मिलिसेकंद थांबायचे तो आकडा. त्याच्या खालच्या ओळीत ११ च्या जागी २९ होते, म्हणजे 'चित्र दाखव'. अशा ओळींवरून नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप लिहून देणारे साधन उपलब्ध आहे, पण पहिल्या खेपेला तिने ते मुद्दाम वापरले नाही. जे आपण हाताने लिहू शकत नाही ते आपल्याला कळले असे मानायचे नाही, हा तिचा नेम आहे आणि मला तो फार आवडतो.

तिने हाताने लिहिले, आणि पडद्यामागचा दिवा लागला. चित्र मात्र दर चार-पाच वेळांत एखादेच वेळी येई, एरवी नुसता करडा उजेड. विजेच्या तारा तपासून झाल्या, चित्राच्या चारी बाजूंची रिकामी जागा मोजणारे आकडे तपासून झाले, घड्याळाचा वेग तपासून झाला. एका संध्याकाळी ती जुन्या फायलीतल्या दोन कंसांकडे बराच वेळ पाहत बसली. डिव्हाइस ट्रीच्या लिखाणात असा जाबता आहे की, कोनी कंसातले आकडे साधे दशमान, वेगळी खूण असल्याशिवाय. आणि चौकोनी कंसातले बाइट मात्र नेहमी सोळाच्या पायावर, खूण नसली तरी. अंकांत अक्षर आले असते तर ते ध्यानात आले असते. ७८ मध्ये अक्षर नव्हते. साती सोळा एकशेबारा, अधिक आठ. "मामा, अठ्ठ्याहत्तर नाही, एकशेवीस!" ती उठूनच उभी राहिली. नियंत्रकाला झोपेतून उठायला एकशेवीस मिलिसेकंद लागतात, आणि ती त्याला अठ्ठ्याहत्तराव्या मिलिसेकंदाला चित्र दाखवायला सांगत होती. कधी तो लवकर उठे, बहुधा उठत नसे. आकडा बदलला, फोन वीस वेळा बंद करून लावला, आणि वीसही वेळा चित्र आले. एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाही जो काळ नाही, तेवढ्या विश्रांतीअभावी एक यंत्र लोकांच्या लेखी निकामी राहू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

स्पर्शाची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती चिप फोकलटेकची, तिचा क्रमांक ३८ हाही सोळाच्या पायावरचाच, आणि तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आधीपासून होता. पहिल्या प्रयत्नातच बोट उमटले. पण पडदा एकदा विझून पुन्हा उजळला की बोट उमटेनासे होई. कारण असे निघाले की, २.८५ व्होल्टचा जो पुरवठा स्पर्शाच्या चिपला लागतो तोच पडद्यालाही जात होता, डिव्हाइस ट्रीमध्ये त्यावर हक्क नोंदविला होता तो एकट्या पडद्याने, आणि पडदा झोपताना आपला हक्क सोडी तेव्हा कर्नल, दुसरा कोणी हक्कदार दप्तरात नसल्यामुळे, पुरवठा तोडून टाकी. स्पर्शाची चिप तोवर शेजाऱ्याच्या विजेवर जगत होती. फर्दीत तिच्या नावाने दोन ओळी वाढविल्या आणि प्रश्न मिटला.

मिटले नाहीत असे प्रश्नही आहेत, आणि ते लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कॅमेरा चालत नाही. त्याची बरीचशी विद्या बंद पेट्यांत आहे. वायफायसाठी लागणारे फर्मवेअर फोनच्याच जुन्या विभागातून वाचून घ्यावे लागते. मोडेम हा तर फोनच्या आत बसलेला दुसरा संगणकच. त्याची स्वतःची प्रणाली, तिच्यावर निर्मात्याचा शिक्का, आणि बाहेरच्या कर्नलने त्याच्याशी ठरलेल्या भाषेत केवळ अर्जविनंती करावी अशी रीत. संदेश येतात-जातात, इंटरनेट चालते, जुन्या पद्धतीच्या जाळ्यावर बोलणेही होते; पण ४जीवरून आवाज नेण्याची जी व्होल्टे पद्धत, ती आमच्या फोनवर चालत नाही, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओसारख्या, ज्याला २जी-३जी मुळातच नाही अशा जाळ्याचे कार्ड घातले तर या फोनवरून बोलता येत नाही. बँकांची आणि यूपीआयची अॅप्स तर या प्रणालीसाठी बनविलेलीच नाहीत. माझ्या मेहुण्यांनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "बोलायला दुसरा आहे. यावर मला वर्तमानपत्रं वाचता आली की झालं." तेवढे निश्चित येते; प्रमाणकर्त्यांची यादी ताजी आहे, आणि दुपारी गॅलरीत बसून ते याच फोनवर वाचतात. एक जीबी रॅममध्ये पाने उघडायला वेळ लागतो, त्याची त्यांची तक्रार नाही.

काही सुधारणा वरूनही होत आहेत. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी सात वर्षांच्या सुधारणांचे वचन दिले, सॅमसंगने पुढच्या जानेवारीत एस२४ मालिकेसाठी तेच केले, आणि युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सुधारणा मिळण्याविषयीचे कलम आहे. याचे मला समाधान आहे. पण वर्षांची संख्या वाढविल्याने मूळ अन्याय दूर होत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मुदत पाच वर्षांची असो की सात, ती संपते त्या दिवशी वस्तू ग्राहकाची असते आणि तिचे ज्ञान कंपनीचे. कोणता नियंत्रक, कोणती तार, किती व्होल्ट, किती मिलिसेकंद, ही माहिती व्यापारी गुपित म्हणून राखण्याइतकी मौल्यवान तेव्हा उरलेली नसते, आणि तिच्या अभावी वस्तू मात्र कचऱ्यात जाते. ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलची जबाबदारी सोडते, त्या दिवशी तिने त्याचे दप्तर जनतेच्या स्वाधीन केले पाहिजे, आणि हे तिच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बांधले पाहिजे. भाचीने अकरा आठवड्यांत जे शोधले, त्यातले बहुतेक सगळे कोठेतरी, कोणत्यातरी कार्यालयात, दहा वर्षांपूर्वी व्यवस्थित लिहिलेले होते.

गणपतीच्या आदल्या रात्री तिने आपली डिव्हाइस ट्रीची फाइल मुख्य कर्नलच्या देखभालकर्त्यांकडे पाठविली. काही शे ओळी, आणि शेवटी तिच्या नावाची ती ओळ, जी २००४ पासून कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली असावी लागते, की हे मी पाठविते आहे आणि पाठविण्याचा मला अधिकार आहे. चार दिवसांनी उत्तर आले. नोंदी वर्णानुक्रमे लावाव्यात, एका ठिकाणी समास चुकला आहे, आणि ज्या पडद्याचा उल्लेख केला आहे तो या मॉडेलच्या सर्व फोनांत असतो काय, याचा खुलासा व्हावा. पहिल्या दोन गोष्टी तिने त्याच रात्री केल्या. तिसरीसाठी आम्ही रविवारी जुन्या बाजारात गेलो, आणि चार्जरांच्या व फुटक्या रिमोटांच्या एका ढिगाऱ्यात तेच मॉडेल, काच तडकलेले, चारशे रुपयांना सापडले.

घरी येऊन तिने त्यावर तोच कर्नल चढविला. १७२.१६.४२.१ ने तत्काळ उत्तर दिले, पडदा काळा. पहिल्या बूटलोडरने पुढे पाठविलेल्या मजकुरात पडद्याचे नाव पाहिले तर ते निराळेच होते, दुसऱ्या कारखान्याचे. कंपनीने एकाच मॉडेलमध्ये, माल मिळेल तसा, दोन प्रकारचे पडदे घातले होते. तिने जुन्या कर्नलमधून त्या दुसऱ्या पडद्याची फाइल काढली, वही उघडली, आणि पानभर आकड्यांच्या शेवटाकडे बोट नेत नेत वाचू लागली. ०५, ०१, ०० ००, आणि पाचव्या जागेवर या खेपेला ९६ होते. बहिणीने चहा आणून ठेवला. "एकशेपन्नास," मी म्हणालो, आणि तिने वहीत तो आकडा लिहिला.